भोसरीतील गुरुवार: गटातली ओळख प्रत्यक्ष भेटीपर्यंत नेण्याच्या नोंदी

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत फिक्श्चर (घडवायचा भाग मशीनवर पक्का धरणारी साधने) आणि गेज (मापे तपासणारी साधने) बनवणारे आमचे छोटे युनिट आहे. आमचा एकेक जॉब, म्हणजे घडवायचा भाग, टर्निंग, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, वायरकट आणि प्लेटिंग अशा अनेक हातांतून जातो, आणि हे हात एकमेकांना ओळखत असतील तरच तो ठरल्या तारखेला बाहेर पडतो. व्हॉट्सॲप आणि लिंक्डइनवरच्या नुसत्या ओळखींचे प्रत्यक्ष कामाच्या संबंधांत रूपांतर करण्यासाठी जानेवारी 2025 पासून जे केले, त्याच्या या नोंदी आहेत. सातपूर, वाळूज किंवा शिरोलीसारख्या दुसऱ्या औद्योगिक वसाहतीत कोणी असाच प्रयत्न करणार असेल, तर आमचा गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा तरी वाचावा, या इच्छेने त्या इथे ठेवत आहे.

2 जानेवारी 2025, गुरुवार

आमच्या परिसरातील वर्कशॉपमालकांचा एक व्हॉट्सॲप गट काही वर्षांपासून चालू आहे. व्हॉट्सॲपने 2022 मध्ये गटाची सदस्यमर्यादा 1,024 पर्यंत नेल्यावर त्यात ओळखीच्या ओळखीने माणसे भरत गेली. आज त्या गटात सकाळच्या शुभेच्छा, इन्सर्ट (मशीनची बदलता येणारी कापणारी पाती) विकणाऱ्यांच्या जाहिराती आणि अधूनमधून ‘कोणाचे व्हीएमसी मोकळे आहे का’ (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन) असा एखादा प्रश्न दिसतो. त्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण विचारणारा कोण आहे, त्याचे काम कसे आहे आणि तो पैसे वेळेवर देतो की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. सिलिंड्रिकल ग्राइंडिंगची उत्तम सोय आमच्यापासून दोन गल्ल्यांपलीकडे होती आणि तिचे मालक याच गटात होते. तरीही आम्ही तो जॉब शिरवळला पाठवत राहिलो आणि दर खेपेला टेम्पोचे भाडे भरत राहिलो.

आज तिघा-चौघा वर्कशॉपमालकांनी बसून ठरवले, की महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष भेटायचे आणि ऑनलाइन गटाचा उपयोग त्या भेटीची तयारी आणि पाठपुरावा यांपुरताच करायचा. वार गुरुवार ठरला. वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यातून आमच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी रुळली आहे. मालक त्या दिवशी घरी थांबत नाहीत. हिशेब आणि देखभाल यांसाठी ते शेडवर येतातच, पण त्यांच्यामागे कामाची घाई नसते. दुसऱ्या भागात हे करणाऱ्यांनी आधी आपल्या भागाची सुट्टी पाहावी आणि मगच वार ठरवावा.

14 जानेवारी, मंगळवार

मासिक भेट सुरू होण्याआधीच हाती एक मोठी संधी आहे. बेंगळूरुला 23 ते 29 जानेवारी या काळात इमटेक्स हे मशीन टूल उद्योगाचे प्रदर्शन भरत आहे आणि आमच्यापैकी काही जण जाणार आहेत. आजवर आम्ही अशा प्रदर्शनांत हॉलमागून हॉल चालत राहायचो, पत्रकांच्या पिशव्या भरायचो आणि परतल्यावर त्या कपाटावर ठेवायचो. या वेळी जाण्याआधी लिंक्डइनवर माणसे शोधून भेटीच्या वेळा ठरवून घ्यायच्या आहेत.

लिंक्डइनच्या मोफत खात्यातून महिन्याला मोजक्याच निमंत्रणांना चिठ्ठी जोडता येते, म्हणून प्रत्येक चिठ्ठी विचारपूर्वक लिहावी लागली. ‘आपल्याशी जोडले जाण्यास आवडेल’ एवढेच लिहिलेल्या निमंत्रणांपैकी काही स्वीकारली गेली, पण त्यापुढे एक अक्षरही आले नाही. याउलट, ‘आमचे भोसरीत गेजचे युनिट आहे, एअर गेजिंगच्या मास्टर रिंगबद्दल एक अडचण आहे, 24 तारखेला सकाळी अकराला तुमच्या स्टॉलवर दहा मिनिटे मिळतील का’ अशी चिठ्ठी (मास्टर रिंग म्हणजे गेज जुळवण्यासाठीची प्रमाण कडी) गेली, तेव्हा बहुतेकांनी उत्तर दिले, आणि एकाने तर आपल्या कंपनीतील योग्य माणसाचे नाव स्वतःहून कळवले. अडचण नेमकी, वेळ ठरलेली आणि मागणी दहा मिनिटांची असली, की समोरच्याला हो म्हणणे सोपे जाते. तांत्रिक प्रश्न विक्री विभागापेक्षा ॲप्लिकेशन इंजिनिअरला विचारावा, हेही यात कळले. त्या माणसांना असे प्रश्न आवडतात, आणि सहसा त्यांना कोणी विचारत नाही.

पैसे भरून मिळणारी लिंक्डइनची सेवा एका सहकाऱ्याने महिनाभर घेऊन पाहिली. निमंत्रणे जास्त पाठवता आली, पण भेटी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, म्हणून ती बंद केली.

30 जानेवारी, गुरुवार

इमटेक्सहून परतलो. प्रदर्शन केंद्र तुमकूर रस्त्यावर शहराच्या टोकाला आहे, पण नोव्हेंबर 2024 मध्ये मेट्रो मादावर स्थानकापर्यंत पोहोचल्याने जाणे-येणे सोपे झाले आहे. ज्यांच्याशी वेळ ठरली होती त्यांच्या स्टॉलवर आम्ही थेट गेलो आणि बोलणे पहिल्याच वाक्यापासून कामाचे झाले, कारण आमचे युनिट काय करते हे त्यांनी आमच्या लिंक्डइन पानावर आधीच वाचलेले होते. ओळख करून देण्यात जाणारी पाच मिनिटे वाचणे ही अशा गर्दीत मोठी गोष्ट असते.

लिंक्डइनच्या मोबाइल ॲपमधील क्यूआर कोड स्कॅन करून जोडले जाण्याची सोय सगळ्यांनी उत्साहाने वापरली, पण संध्याकाळी यादी उघडल्यावर कोणता माणूस कोणत्या स्टॉलवर भेटला आणि काय बोलणे झाले, हे आठवेना. कागदी कार्डाच्या मागे दोन ओळी तरी खरडता येतात, स्कॅन केलेल्या नावासोबत तेवढेही राहत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून स्कॅन झाल्याबरोबर, समोरचा माणूस उभा असतानाच, त्याला एक ओळीचा निरोप पाठवू लागलो: ‘हॉल तीन, मास्टर रिंगचे ड्रॉइंग तुम्ही सोमवारी पाठवणार.’ हा निरोप दोघांच्याही फोनमध्ये राहतो, आणि तो लिहिताना समोरचा माणूस पाहत असल्याने त्याचे वचनही पक्के होते. आमच्या सगळ्या प्रयोगांत इतकी साधी आणि इतकी उपयोगी ठरलेली दुसरी कोणतीही सवय मला दिसत नाही.

6 फेब्रुवारी, गुरुवार

पहिली मासिक भेट झाली आणि ती फसली. गटात मतचाचणी टाकली होती आणि ‘येणार’ या पर्यायावर साठाहून अधिक जणांनी बोट ठेवले होते. त्या भरवशावर एका हॉटेलचा छोटा हॉल साडेचार हजार रुपयांना घेतला आणि चहा-नाश्ताही तेवढ्याच माणसांचा सांगितला. प्रत्यक्षात जेमतेम चौदा-पंधरा जण आले, तेही बहुतेक एकमेकांना आधीपासून ओळखणारे. ते आपल्या नेहमीच्या माणसांशेजारी बसले आणि तासाभराने पांगले. जागा आणि न खाल्लेला नाश्ता मिळून आठ हजारांच्या आसपास खर्च झाला आणि एकही नवी ओळख झाली नाही.

यावर नंतर बराच वेळ बोललो. मतचाचणीत बोट ठेवायला काहीच लागत नाही, त्यामुळे ती येण्याची खूण मानता येत नाही. शिवाय हॉटेलच्या हॉलमध्ये वर्कशॉपमालकाला बोलण्यासारखे काही हाती नसते. चकचकीत टेबलापाशी बसून तो स्वतःच्या कामाबद्दल बोलायला संकोचतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे, की कोण कोणाला भेटावे याचा विचार आधी कोणीच केलेला नव्हता.

20 फेब्रुवारी, गुरुवार

तीन बदल करून दुसरी भेट घेतली. पहिला बदल जागेचा. ही भेट एका सदस्याच्या शेडमध्ये झाली आणि यापुढे दर वेळी वेगळ्या शेडमध्ये होईल. दुसरा बदल निमंत्रणाचा. गटात फक्त तारीख जाहीर केली आणि पंचवीस जणांना आम्ही वाटून घेऊन फोन केले. फोनवर ‘या’ एवढेच म्हणून थांबलो नाही. ‘तुमच्याकडे सध्या कशाची अडचण आहे आणि कोणते मशीन मोकळे आहे’ हे विचारले. तिसरा बदल याच माहितीचा. मंगळवारी संध्याकाळी ती एकत्र करून, कोणी कोणाला भेटावे अशा जोड्या लावल्या आणि दोघांनाही आधी कळवले.

शेडमध्ये भेटण्याचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. मशीनजवळ उभे राहिल्यावर माणसे आपोआप बोलू लागतात. कूलंटची (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाची) टाकी किती स्वच्छ आहे, मोजमापाची साधने कुठे आणि कशी ठेवली आहेत, नाकारलेल्या जॉबसाठी लाल पेटी आहे का, चालू जॉबच्या कागदावर तपासणीचे आकडे खरोखर भरले आहेत का, या गोष्टी पाच मिनिटांत दिसतात, आणि त्यावरून आपला जॉब इथे द्यावा की नाही हे जाणकार माणूस ठरवतो. लिंक्डइनवरचा कितीही सुंदर फोटो हे काम करू शकत नाही. ग्राइंडिंग करणारे एक ज्येष्ठ काका, ज्यांनी गटात आजवर एक शब्दही लिहिलेला नव्हता, ते एका तरुण मालकाला व्हील ड्रेसिंग (ग्राइंडिंगचे चाक घासून पुन्हा धारदार करणे) कसे करावे हे अर्धा तास दाखवत होते, आणि त्या दोघांचे काम पुढच्याच आठवड्यात सुरू झाले.

खर्च चहा आणि वडापावचा, दीड हजारांच्या आत. यजमानाने पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या वेळेपासून खर्च वाटून घ्यायचे ठरले आहे, नाहीतर यजमानपदासाठी लोक पुढे येणार नाहीत.

5 मार्च, बुधवार

मंगळवारच्या माहितीसाठी एक ठरावीक नमुना सुरू केला होता आणि त्यात एक गंभीर अडचण उभी राहिली. एका सदस्याने मागणी कळवताना ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटोच गटात टाकला, ज्यात कोपऱ्यातील चौकटीत ग्राहक कंपनीचे नाव आणि भागाचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. त्या कंपनीशी त्याचा गोपनीयतेचा करार होता. फोटो काढून टाकेपर्यंत तो कितीतरी जणांनी पाहिला होता, आणि त्याच ग्राहकाचे काम करणारा दुसरा एक जणही गटात होता. नशिबाने प्रकरण पुढे गेले नाही, पण ग्राहक हातचा जाऊ शकला असता.

त्याच रात्री नियम पक्का केला. गटात ड्रॉइंग, ग्राहकाचे नाव आणि दर या तीन गोष्टी कधीही लिहायच्या नाहीत. मागणी लिहायची ती अशी: धातू कोणता, जॉबचे बाहेरचे माप किती, सर्वांत अवघड टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कोणता, नग किती आणि कोणत्या तारखेपर्यंत. उदाहरणार्थ, ‘ईएन 24, हीट ट्रीटमेंटनंतर ग्राइंडिंग, साधारण 350 बाय 200 बाय 60 मिलिमीटर, समांतरता 10 मायक्रॉनच्या आत, आठ नग, महिनाअखेर.’ एवढ्या माहितीवर हे काम आपल्याला जमेल की नाही, हे कोणताही कारागीर सांगू शकतो. बाकीचे सगळे प्रत्यक्ष भेटीत, कागद हातात घेऊन बोलायचे. दरावर गटात बोलणे सुरू झाले की प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा कमी सांगू लागतो आणि चार दिवसांत गट मोडतो, हे आमच्यातील जुन्या मंडळींनी दुसरीकडे घडताना पाहिलेले आहे.

हा नमुना लागू झाल्यावर अनपेक्षितपणे भेटीलाही अधिक माणसे येऊ लागली, कारण अर्धवट माहिती वाचून उरलेली समजून घेण्यासाठी गुरुवारी येणे भाग पडते. ऑनलाइन किती सांगावे आणि किती भेटीसाठी राखावे, याची रेघ आम्हाला या अडचणीमुळे सापडली.

13 मार्च, गुरुवार

आज होळी आणि पुढे वर्षअखेरीची धावपळ. मार्चमध्ये मालाची पाठवणी आणि बिले यांपलीकडे कोणाचे लक्ष नसते, म्हणून भेट ठेवली नाही. मंगळवारचे संकलन मात्र चालू ठेवले.

3 एप्रिल, गुरुवार

आजवरची सर्वांत मोठी गर्दी आज झाली आणि नव्या ओळखींच्या दृष्टीने ही सर्वांत निष्फळ भेट ठरली. एका सनदी लेखापालांना बोलावले होते. विषय सर्वांच्या जिव्हाळ्याचा होता: 1 एप्रिलपासून लागू झालेल्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या नव्या मर्यादा आणि अडकलेल्या बिलांची वसुली. सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा आता अडीच कोटी आणि उलाढालीची 10 कोटी रुपये झाली आहे, तर लघुउद्योगासाठी याच मर्यादा 25 कोटी आणि 100 कोटी आहेत. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे द्यावे लागतात. ते मुदतीत दिले नाहीत तर 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) नुसार खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीसाठी दाखवता येत नाही. हे सर्व त्यांनी फार चांगले समजावले.

परंतु माणसे ओळीने बसली, समोर पाहत राहिली, प्रश्न वक्त्यालाच विचारले गेले आणि व्याख्यान संपताच सगळे उठले. शेजारी बसलेल्याचे नावही अनेकांनी विचारले नसावे. व्याख्यान उपयुक्त होते यात शंका नाही, पण ते चित्रफितीनेही पोहोचवता आले असते. ज्या गोष्टीसाठी माणसांना एका जागी आणणे अटळ आहे, त्याच गोष्टीसाठी गुरुवार राखून ठेवायचा, असे यानंतर ठरवले. पुढे व्याख्यान ठेवलेच तर ते वीस मिनिटांचे असेल आणि त्यानंतर त्याच विषयावर चार-चार जणांनी आपापल्या थकलेल्या बिलांबद्दल बोलायचे, म्हणजे अनुभव एकमेकांकडे जातील.

24 एप्रिल, गुरुवार

ओळख करून देण्याची पद्धत आता बसली आहे, म्हणून ती सविस्तर लिहिते. पूर्वी आम्ही एकाचा नंबर दुसऱ्याला पाठवून ‘माझे नाव सांगा’ म्हणत असू. ज्याचा नंबर दिला त्याला याची कल्पना नसायची, अनोळखी फोन तो उचलत नसे, आणि नंबर घेणाऱ्याचा मध्यस्थावर राग व्हायचा. आता आधी दोघांनाही स्वतंत्रपणे विचारले जाते. दोघांचा होकार आला, की तिघांचा एक छोटा गट बनवून मध्यस्थ दोन वाक्ये लिहितो: कोणाला काय हवे आहे आणि दुसऱ्याकडे ते कसे आहे. त्यानंतर दोघे भेटीची वेळ ठरवतात आणि मध्यस्थ त्या गटातून बाहेर पडतो. बाहेर पडणे आवश्यक आहे, कारण तिसरा माणूस असेपर्यंत व्यवहाराची बोलणी मोकळेपणाने होत नाहीत. काम ठरले की नाही एवढेच एका महिन्याने विचारायचे. जिथे काम फिसकटले, तिथे कारण विचारायचे आणि लिहून ठेवायचे.

फिसकटण्याची कारणे दरापेक्षा इतर गोष्टींत अधिक सापडली. तपासणीचा अहवाल वेळेवर न देणे, फोन न उचलणे आणि ‘उद्या देतो’ हा शब्द न पाळणे ही कारणे पुन्हा पुन्हा आली. अशा माणसाबद्दल गटात काहीही लिहायचे नाही, पण त्याची पुढची ओळख करून देण्याआधी आमच्यापैकी कोणीतरी त्याच्या शेडवर जाऊन स्पष्ट बोलायचे, असे ठरले आहे. हे काम अवघड आहे, आणि ते निरोप पाठवून उरकू नये असे माझे ठाम मत आहे. लिहिलेल्या शब्दाला आवाजाचा सूर नसतो, त्यामुळे जिव्हाळ्याने दिलेला सल्लाही तक्रारीसारखा वाचला जातो.

8 मे, गुरुवार

आमच्या फिक्श्चरसाठी लागणाऱ्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचा पुरवठा बरेच दिवस अडचणीत होता. लिंक्डइनवर एका कोल्हापूरच्या फाउंड्रीमालकाने कास्टिंगमधील सच्छिद्रतेबद्दल लिहिलेल्या मजकुराखाली मी आमचा अनुभव लिहिला होता, त्यावरून बोलणे वाढत गेले आणि आज शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री पाहायला आम्ही तिघे गेलो. कोल्हापूरच्या कास्टिंगची ख्याती आम्ही सगळेच ऐकून आहोत, पण वाळूची चाचणी कशी घेतात, प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) नमुना स्पेक्ट्रोवर (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर) कसा तपासतात आणि तो अहवाल कसा जपून ठेवतात, हे तिथे उभे राहून पाहिल्यावर जो विश्वास बसला तो निरोपांच्या देवाणघेवाणीतून बसला नसता. गाडीचे इंधन आणि टोल तिघांत वाटून घेतला.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ही ओळख लिंक्डइनवर जाहिरात करून झाली नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मनापासून सांगितल्याने झाली. आमच्या गटातील तरुण मंडळी लिंक्डइनवर पुष्कळ वेळ घालवतात आणि नव्या मशीनसमोर हार घातलेले फोटो टाकतात. त्यांना भरपूर शुभेच्छा मिळतात, चौकशी क्वचितच येते. त्याऐवजी नाकारला गेलेला जॉब कसा सुधारला, त्याची चार वाक्ये ग्राहकाचे नाव न घेता लिहिली, तर वाचणारे खरेदी अधिकारी आणि इंजिनिअर थांबून प्रश्न विचारतात. ओळखपानावरही ‘व्यवस्थापकीय संचालक’ या पदापेक्षा मशीनचा पल्ला, कोणते धातू हाताळता आणि मोजमापाची कोणती साधने आहेत, हे आधी लिहावे. बहुतेक शेडमध्ये ही माहिती वडिलांना तोंडपाठ असते आणि लिंक्डइन मुलगा किंवा मुलगी चालवते, म्हणून आम्ही दोघांना एकत्र बसवून ही पाने लिहून घेत आहोत.

22 मे, गुरुवार

गटातील नंबरांचा गैरवापर झाला. हत्यारे विकणाऱ्या एका विक्रेत्याने सगळ्या सदस्यांचे नंबर उतरवून घेतले आणि जाहिरातींचा मारा सुरू केला. त्याला काढून टाकले, पण नंबर गेले ते गेलेच. याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतरच्या बोलण्यात पुढे आली. युनिट चालवणाऱ्या काही स्त्रिया गटात यायलाच तयार नव्हत्या, कारण शेकडो अनोळखी माणसांना आपला नंबर दिसतो आणि रात्री-अपरात्री निरोप येतात. मी स्वतः हा त्रास अनेक वर्षे सोसलेला असूनही, गटाची रचनाच त्यांना बाहेर ठेवत आहे हे आजवर मांडले गेले नव्हते.

उपाय म्हणून व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ बनवली. तिच्या घोषणांच्या गटात सामान्य सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि फक्त व्यवस्थापकच लिहू शकतात, त्यामुळे शुभेच्छा आणि जाहिराती हे दोन्ही प्रश्न सुटले. मागण्या व्यवस्थापकांकडे खासगीत पाठवायच्या आणि मंगळवारी त्या एकत्र प्रसिद्ध होतात. जुना गट गप्पांसाठी वेगळा राहू दिला आहे. या बदलानंतर प्लेटिंग, तपासणी आणि पॅकिंग या कामांतल्या काही उद्योजिका आजच्या भेटीला आल्या, आणि तपासणीची स्वतंत्र सेवा देणाऱ्या एकीला तीन जणांनी तिथेच काम विचारले. सीएमएम (भागाची मापे अचूक तपासणारे) यंत्र विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशा कितीतरी शेडना या सेवेची गरज होती आणि ती करणारी व्यक्ती जवळच होती.

मंगळवारच्या संकलनाला संध्याकाळचा तास-दीड तास जातो. तो भार एकावर पडू नये म्हणून तिघांनी पाळी लावली आहे.

19 जून, गुरुवार

आजची भेट पुढे ढकलली. आज आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान आहे आणि तुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामी येत आहे, त्यामुळे आमच्या दोन्ही बाजूंचे रस्ते वाहनांसाठी बंद आहेत, आणि कित्येक सदस्य व कामगार सेवेसाठी गेले आहेत. वर्षाची आखणी करताना ही तारीख आधीच वगळायला हवी होती. पुढच्या वर्षासाठी सण, पालखी आणि वर्षअखेर पाहूनच तारखा आखल्या जातील.

गंमत अशी, की पाण्याच्या बाटल्या वाटण्यासाठी आमचे काही सदस्य एकत्र उभे होते आणि तिथे ज्यांची ओळख झाली, त्यांच्यात पुढे कामही ठरले.

17 जुलै, गुरुवार

चाकणच्या कंपन्यांतील खरेदी विभागाची माणसे पहिल्यांदाच भेटीला आली. त्यांना बोलावण्यासाठी लिंक्डइनवरून जाताना ‘आमच्याकडून माल घ्या’ असे कोठेही लिहिले नाही. ‘छोट्या पुरवठादारांची कोणती गोष्ट तुम्हाला सर्वांत त्रासदायक वाटते, हे आमच्या सदस्यांना वीस मिनिटे सांगाल का’ असे विचारले, आणि दोघांनी होकार दिला. त्यांनी सांगितलेली यादी एप्रिलमधील आमच्या फिसकटलेल्या कामांच्या कारणांशी जवळजवळ तंतोतंत जुळली: तपासणी अहवाल, फोन, तारखा. बाहेरच्या माणसाच्या तोंडून ते ऐकल्यावर सदस्यांनी ते मनावर घेतले, आणि तपासणी अहवालाचा एक सामाईक नमुना बनवण्याचे काम चौघांनी आजच अंगावर घेतले.

या भेटीत दर किंवा ऑर्डर यांचा विषय काढू नये असे आधीच सांगितले होते आणि सगळ्यांनी ते पाळले. पाहुण्यांना निघताना फक्त एक कागद दिला, ज्यावर उपस्थित युनिटांची नावे, मशीन आणि मोजमापाची साधने होती. त्यांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी स्वतःहून कोणत्या दोन शेड पाहायच्या आहेत ते कळवल्याचे इथे नंतर जोडत आहे.

नोंदवही आजवर कागदावर होती: कोणाची कोणाशी ओळख करून दिली, कोणत्या तारखेला आणि पुढे काय झाले. ती आता एका साध्या तक्त्यात उतरवून तिघा व्यवस्थापकांपुरती ठेवली आहे, कारण त्यात लोकांच्या व्यवहारांची माहिती आहे आणि ती सर्वांसाठी खुली करणे योग्य नाही.

पुढची भेट 7 ऑगस्टला, गणपतीच्या आधी. शिरोलीचे दोन फाउंड्रीमालक येणार आहेत. ज्यांना कास्टिंगबद्दल बोलायचे आहे, त्यांनी धातूची ग्रेड, अंदाजे वजन, नग आणि मशीनिंगसाठी हवी असलेली जादा जाडी मंगळवारी रात्री आठपर्यंत कळवावी, म्हणजे जोड्या लावता येतील.